भिंतीवरची हद्द

“ठमाबाई, नाही म्हणजे नाही! किती वेळा येणार तुम्ही?” उज्वला खैरनार खिडकीतून जवळजवळ ओरडलीच.

बाहेर उभी असलेली म्हातारी जागची हलली नाही. हरसूलच्या पलीकडे डोंगरात जांभूळपाडा म्हणून वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, तिथून ती पहाटेच्या एसटीने नाशिकला आली होती. खांद्यावर पांघरलेली फडकी सारखी करत ती म्हणाली, “वराडू नका बाय. नकाशा हाय ना तुमच्यापाशी? मंग दाखवा. मी हात नाय लावीत.”

“आहे. पण दाखवता येत नाही. त्यावर लष्कराचा शिक्का आहे. गोपनीय.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे... म्हणजे दाखवता येत नाही.”

उज्वलाचा राग नाकावर असतो, असं कचेरीत सगळेच म्हणत. खरं तर राग तिला भलत्याचा यायचा आणि निघायचा भलत्यावर. त्या खोलीत जुन्या नकाशांचे लांबलचक खण होते. गावांच्या शिवा, घाटवाटा, इंग्रजांच्या पलटणींच्या छावण्या, त्यांच्या घोड्यांच्या पाणवठ्यांच्या जागा, असं सगळं कापडावर चिकटवून ठेवलेलं. साहेब येत, साहेब जात, खण तिच्याकडे. ठमाबाईला हवा असलेला नकाशा तिच्या पाठीमागच्याच खणात होता. हात मागे केला असता तर बोटांना लागला असता. आणि हीच गोष्ट तिला आतून जाळत होती.

भानगड सगळी एका दगडाची होती. जांभूळपाड्याच्या खालच्या अंगाला इंग्रजांनी तोफा डागायच्या सरावासाठी माळ राखला होता आणि त्याच्या कडेने हद्दीचे घडीव दगड रोवले होते. प्रत्येकावर आकडा आणि वर बाण. साहेब गेला, तोफा गेल्या, दगड राहिले. ओढ्याच्या उताराशी असलेल्या दगडावरचा बाण पाड्यातल्या लोकांना त्रिशूळ वाटला. त्याला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले, तो शिवेवरचा देव झाला. पुढे रोजगार हमीतून रस्ता निघाला आणि देव बरोबर रस्त्यात आला. देवाला रस्त्यात पडू द्यायचं कसं? ठमाबाईचा भाऊ सहादू आणि आणखी चौघांनी तो उपटला, वाजतगाजत वर नेला आणि झिऱ्यापाशी बसवला. बारमाही पाणी देणारा तो एकच झिरा; देवाला त्याहून चांगली जागा कोणती असणार!

आता ज्या खात्याकडे तो माळ आला होता, त्या खात्याला तिथे तारेचं कुंपण घालायचं होतं. मोजणीवाले आले, त्यांनी झिऱ्याजवळचा दगड पाहिला, आकडा आपल्याकडच्या यादीशी ताडला आणि इथपर्यंत आपली हद्द म्हणून चुन्याची रेघ ओढली. झिरा कुंपणाच्या आत. पाड्यातल्या बायांनी पाण्यासाठी आता डोंगर उतरून नदीवर जायचं आणि भरल्या हंड्यांनिशी पुन्हा चढायचं. लोकांनी सांगून पाहिलं की दगड आम्ही उचलून आणला. मोजणीचे सोमनाथ बोरसे माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, “दगड हलवला म्हणता, मग आधी कुठं होता ते दाखवा. जुना नकाशा आणा, मी रेघ खाली घेतो.”

एवढंच काम होतं. नकाशा दाखवायचा.

ठमाबाई गेल्यावर उज्वला तडक निकमसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. कचेरीत साहेबांना नाही म्हणायची सवय कुणाला नव्हती, तिलाही नव्हती. तरी ती म्हणाली, “सर, तो जांभूळपाड्याचा नकाशा. नक्कल नको, नुसता त्या मोजणीवाल्यांना दाखवू या.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, लष्करी नकाशा आहे तो. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“सर, त्यात काय आहे? मेलेल्या इंग्रजांच्या मेलेल्या तोफा आहेत.”

“शिक्का आहे ना? मग विषय संपला.”

विषय संपला. उज्वला मूग गिळून बाहेर आली. आपण सरकारी नोकर, नियम तो नियम, असं तिने स्वतःला बजावलं आणि घरी जाऊन नवऱ्याशी भाजीत मीठ नाही म्हणून भांडली, भाजी स्वतःच केलेली असताना.

पुढच्या आठवड्यात निकमसाहेबांचा निरोप समारंभ होता. पुण्याला बदली झाली होती, आणि ती त्यांना हवी होती. जेवण गंगापूर धरणाच्या रस्त्याला, द्राक्षांच्या मळ्यातल्या एका रिसॉर्टवर ठरलं. मालक साहेबांचा मित्र. हिरवळ, झोपाळे, काचेची मोठी खोली. आत शिरताच कचेरीतल्या बाया मोबाइल काढून फोटोला उभ्या राहिल्या. “उज्वलाताई, इकडे या ना, बघा किती छान वॉल आहे!”

उज्वला त्यांच्यामागची भिंत बघून जागीच थिजली.

भिंतभर नकाशा होता. तपकिरी रंगात, मुद्दाम जुनाट दिसेल असा छापलेला. ओढा, घाटाची वाट, माळ, आणि माळाच्या कडेने बारीक चौकोन, एकेक आकड्यासह. ती रेष न् रेष तिने कापडावर पाहिलेली होती. वरच्या कोपऱ्यातला गोपनीयतेचा लाल शिक्कासुद्धा सोडला नव्हता. तो तर चांगला मोठा करून घेतला होता. शोभेला.

“आवडला?” मालक कौतुकाने विचारत होता. “ओरिजिनल आहे बरं का. असली चीज. निकमसाहेबांनीच स्कॅन करून दिला. कस्टमर लोक विचारतात, कुठनं मिळवला.”

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब मधल्या टेबलावर गुलाबजाम खात होते. त्यांच्यासमोर जाऊन ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सर, हा नकाशा गोपनीय आहे ना?”

साहेबांचा चमचा अडला. मग ते हसले. “अहो मॅडम, ते डेकोरेशन आहे. कोण वाचतंय ते?”

“जिला वाचायचा होता तिला तुम्ही हाकलायला लावलंत. माझ्या तोंडून.”

“जेवून घ्या, मॅडम.”

“तिथं बायांचं पाणी तोडतायत, सर! आणि इथं लोक त्याच्याखाली बसून सूप पितायत!”

कुणीतरी तिला हात धरून बाजूला नेलं. कुणीतरी म्हणालं, जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. उज्वला न जेवता रस्त्यावर आली आणि रिक्षाची वाट बघत उन्हात उभी राहिली. साहेबांचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. ज्याला नकाशा कळत नाही त्याला तो भिंतभर बघायला मोकळा, आणि ज्याला कळतो, ज्याच्या घागरीशी त्याची गाठ आहे, त्याच्यासाठी तो गोपनीय. आणि या असल्या गोपनीयतेची राखण आपण इमानेइतबारे केली, त्या म्हातारीवर ओरडून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी जाता जाता शेवटची सही केली. नकाशांच्या खोलीची किल्ली उज्वलाकडून काढून घेण्यात आली आणि तिला आवक-जावकला बसवलं. अभिलेखांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने, असं आदेशात लिहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. खोलीला नवं कुलूप लागलं आणि नवे साहेब रुजू होईपर्यंत ते उघडायचं नाही, असं ठरलं.

ठमाबाई पुन्हा आली ती नेमकी त्यानंतर. खिडकी बंद बघून ती व्हरांड्यात फिरत फिरत आवक-जावकपाशी पोचली.

“आता हितं बसवली का बाय तुमाला? उद्या तार ठोकायला येनार ते. खांब येऊन पडलं.”

उज्वला खुर्चीवरून उठली. अर्ध्या दिवसाची रजा टेबलावर टाकली, पर्स घेतली आणि म्हणाली, “चला माझ्याबरोबर. नकाशा दाखवते.”

“शिक्का?”

“शिक्क्यासकट दाखवते.”

रिक्षातून उतरल्यावर ठमाबाईने चपला रिसॉर्टच्या दाराबाहेर काढल्या. उज्वलाने त्या पुन्हा पायात घालायला लावल्या. दुपारची वेळ होती, टेबलं भरत आली होती. वेटरने दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बुकिंग आहे का मॅडम?”

“चहा घ्यायचाय,” उज्वला म्हणाली आणि थेट भिंतीपाशी गेली.

ठमाबाईला अक्षर येत नव्हतं. पण उज्वलाने ओढ्यावर बोट ठेवल्यावर तिचा हात आपोआप पुढे झाला. “हा आमचा व्हळ. ही वाट घाटाची. मंग आमचा पाडा कुठं?”

पाड्याचा सगळा भाग नकाशात अगदी खाली होता, जमिनीलगत. तिथे मनीप्लँटची मोठी कुंडी ठेवली होती आणि लहान मुलांच्या उंच खुर्च्या एकात एक रचल्या होत्या. उज्वलाने खुर्च्या ओढल्या. ठमाबाईने कुंडी दोन्ही हातांनी धरून बाजूला सारली. आणि मग खालचं नीट दिसेना म्हणून ती फरशीवर मांडी घालून बसली.

“हा बघा चौकोन,” उज्वला तिच्याशेजारी वाकली. “हा तुमचा दगड. ओढ्याच्या उताराशी. आणि हे इथं वर, पाणी दाखवलंय ना, हा झिरा. रेघ त्याच्या कितीतरी खालून गेलीय.”

ठमाबाईने दगडाच्या जागेवर बोट टेकवलं आणि तिथून झिऱ्यापर्यंत हळूहळू नेलं. सहादू आणि बाकीचे दगड खांद्यावर घेऊन ज्या वाटेने चढले होते, तीच वाट. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम पडला. “आमीच नेला वो. गुलाल उधळीत नेला. त्याला पानी भेटावं म्हणून नेला, तं त्यानं आमचाच पानी घेतला.”

“त्याने नाही घेतलं,” उज्वला तडकून म्हणाली. “देवाच्या नावावर नका घालू हे. माणसांनी घेतलंय.”

“मावशी, उठा,” मॅनेजर आला होता. “इथं खाली बसता येत नाही. गेस्ट आहेत.”

“हा कागद सोडवून द्या मंग,” ठमाबाई भिंतीकडे हात करून म्हणाली. “तो मोजनीवाला साहेब नकाशा मागतो.”

“वॉलपेपर आहे तो. असा निघत नाही.”

“मंग त्या साहेबाला हितं बोलवा. नकाशा त्याच्याकडं जात नाय, तं त्यानं यावं. मी बसते तवर.”

मॅनेजरने उज्वलाकडे पाहिलं. ही शिकलेली, नोकरीवाली बाई म्हातारीला समजावेल, अशी त्याची अपेक्षा दिसत होती. उज्वलाने ठमाबाईच्या कनवटीतली कुंपणाची नोटीस मागून घेतली आणि तिच्यावरचा नंबर लावला.

“बोरसेसाहेब? मी उज्वला खैरनार बोलते, अभिलेखातून. जांभूळपाड्याचा नकाशा तुम्ही मागितला होता ना? सापडलाय. हो, दगडांच्या आकड्यांसकट. नाही, कचेरीत नाही. गंगापूर रोडला हॉटेलात आहे, भिंतीवर. चेष्टा नाही करत, साहेब. फोटोवर भागणार नाही, आकडे स्वतः येऊन ताडून बघा. त्या बाई समोर बसल्यात. आणि तुम्ही आल्याशिवाय त्या उठणार नाहीत.” पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. “हो, माझं नाव लिहून घ्या. उज्वला खैरनार. लेखीही देईन, शिक्क्यासकट.”

तिने फोन बंद केला. मॅनेजर मालकाला फोन लावत होता. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली. वेटर चहाचे दोन कप घेऊन आला आणि ते कुठे ठेवायचे हे न कळून तसाच उभा राहिला.

“खाली ठेव,” उज्वला म्हणाली. मग तिने इस्त्रीची साडी आवरली आणि ठमाबाईच्या शेजारी फरशीवर बसली.