लाल टाका

आमच्या दुकानात वर्दीचं कापड मी कापते आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घालते. कपडा बिघडून परत आला, की टाका ज्याचा त्यानं गिऱ्हाइकाची बोलणी खायची. मशीन चालवणाऱ्या सुनेला कुणी शब्द बोलायचा नाही. कापलं मी, तर चुकले मी.

थोरला मुलगा पलटणीत अधिकारी. मागच्या महिन्यात वर्दी आणि बढतीचा नवा तारा घेऊन आला. "आई, उद्या परेड आहे. तुझ्या हातानं लाव."

सुनेनं मशीन थांबवलं. "आणि तुमच्या त्या ड्रायव्हरचं काय हो?"

त्याआधी झालं होतं असं, की नदीला पाणी चढत होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, थांबू या." हा म्हणाला, "घाल गाडी." गाडी उलटली, दोन जवानांचे पाय मोडले.

"चौकशीत त्याच्यावर गेलं," हा खाली बघत म्हणाला. "स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. वरचे साहेब म्हणाले, तू गप्प राहा."

"म्हणजे त्याची नोकरी जाणार नि तुला तारा येणार!"

"आई, फौज म्हणजे शिवणकाम नाही. हुकुमाची एक शिस्त असते."

"हुकूम सोडताना तू पुढं आणि जाब द्यायला ड्रायव्हर पुढं, ही कुठली रे शिस्त? 'घाल गाडी' कोण म्हणालं?"

"मी."

"मग टाका कुणाचा?"

तो भडकला. "तुझ्या हट्टापायी माझं सगळं जाईल!"

"जाऊ दे. तुला पोसायला मशीन चालू आहे अजून. उद्या पोरांना 'पाण्यात उतरा' म्हणशील, तेव्हा ती पाण्याकडं नाही, तुझ्याकडं बघतील. आज आपल्यातल्या कुणाला पुढं ढकलतोय म्हणून! मग बस तारा चाटत." सुई-दोरा त्याच्यापुढं टाकला. "लाव तुझा तू. मी नाही लावणार."

त्यानं सुईत दोरा ओवला. मग कॉलर उलटी केली आणि आत लाल टाका घातला. तारा माझ्या टेबलावर ठेवून गेला.

परेडच्या आधी वरच्या साहेबांपुढं उभा राहून म्हणाला, "हुकूम माझा होता." तारा गेला, वर सक्तीची रजा मिळाली. पलटणीनं आमच्याकडं वर्द्या टाकणं बंद केलं. शाळेचे गणवेश शिवतो आता.

काल तो ड्रायव्हर वर्दीतच आला. "साहेब आहेत का?"

"आहेत. आत काजं करतायत."

आत जाऊन त्यानं असा खाडकन सलाम ठोकला, की सुनेच्या हातातली कात्री पडली.

गल्लीतल्या बाया म्हणतात, आईनंच पोराचा तारा खाल्ला. खाल्ला! पचलासुद्धा.