मोघे आणि गांगुर्डे, १९७८

"गांगुर्डे, आपण आता डॉक्टर लोकांत जाऊन बसलो!" मोघे सर विभागाच्या दारातूनच ओरडले. हातात परदेशातून आलेलं मासिक. "आधी शेतीवाल्यांनी आपला दाखला दिला, मग रसायनवाल्यांनी, आता बालरोगवाल्यांनी. एक पेपर, तीन शास्त्रं! पुण्यात तरी आहे का कोणाचा असा?"

झुंबर गांगुर्डेनं मासिक घेतलं. नाशिकच्या त्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, नोकरी अजून कायम नव्हती. तो वाचू लागला. कुणा डॉक्टरनं लिहिलं होतं की, साठवणीच्या चाळीतला कांदा सडू नये म्हणून त्यावर बुरशीनाशक पावडर मारतात, पण पाच महिन्यांत तिचा अंशही उरत नाही, तेव्हा लहान मुलांना हा कांदा द्यायला हरकत नाही. पुरावा एकच दिला होता. मोघे आणि गांगुर्डे, १९७८.

आणि तो पुरावा खोटा होता.

सत्त्याहत्तर साली झुंबर मोघ्यांचा विद्यार्थी होता. सटाण्याजवळ त्याच्या बहिणीच्या गावात, कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या चाळीत प्रयोग लावला होता. झुंबर एस.टी.नं जायचा, पिशवीभर कांदे आणायचा, पावडर किती उरली ते मोजायचा. दोन महिने झाले, आषाढात भाव चढला आणि कारभारीनं प्रयोगासकट सगळा कांदा विकून टाकला. शेतकरी माणूस तो, भाव सोडून तुमचं शास्त्र सांभाळत बसेल? तेव्हा निम्मी पावडर अजून कांद्यात होती. मोघ्यांनी पट्टी लावली आणि आलेखाची रेघ पेन्सिलीनं शून्यापर्यंत ओढून नेली. "खालीच चाललीय ना? मग जाईल कुठं?" झालं संशोधन. पेपर परदेशात छापून आला, मोघ्यांना हार पडले.

"सर," झुंबर म्हणाला, "ते पुढचे तीन महिने आपण मोजलेच नव्हते. आता पोराबाळांवर आलंय. कळवायला पाहिजे."

मोघ्यांनी मागं वळून दार लोटलं.

"कोणते तीन महिने?" ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "हे बघा, मी काही म्हणत नाही. पण बोभाटा झाला तर लोक काय म्हणतील? मोघ्यानं खोटं केलं, असं नाही म्हणणार कुणी. आकडे गांगुर्डेनं आणले होते, म्हणतील. राखीव जागेवरचा माणूस, दुसरं काय होणार त्याच्याकडून, म्हणतील. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर सही अजून व्हायचीय माझी. चहा घेणार?"

हरामखोर माणूस, पण बोलला ते खरं होतं. लोक हेच म्हणाले असते. आणि नुसत्या आपल्याला नाही, आपल्या सगळ्या वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरांना म्हणाले असते. त्यानं मोघ्यांचा चहा प्यायला. चव कळली नाही.

त्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. मागच्या खेपेला बहीण बोलता बोलता म्हणाली होती, गावात पावडरवाला यायला लागलाय. झुंबर कॉलेजातून निघाला तो सरळ सटाण्याच्या गाडीत बसला.

त्याची बहीण बायडाबाई चाळीपुढं कांदा निवडत होती. पावडरीनं कोपरापर्यंत हात पांढरे. शेजारी तिची धाकटी लेक भाकरीबरोबर फोडलेला कांदा खात बसली होती.

झुंबरनं पोरीच्या हातातला कांदा हिसकला. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

"आरं, येडा झाला का? लेकराच्या तोंडचं काढतो!"

"आक्का, पावडर कधी मारली?"

"ज्येष्ठात. लय भारी हाय बघ, एक कांदा नासला नाय." ती हसली. "आन तो सायेब म्हनला, ह्या कागदावर गांगुर्डे म्हून नाव हाय. म्या म्हनलं, माझाच भाऊ त्यो! तवा कुठं समद्या गावानं घेतली. आधी कोन घेत न्हवतं."

"तो साहेब आहे कुठं?" झुंबरनं विचारलं.

पावडर कंपनीचा एजंट गावातच होता. पारावर कारभारीशी बोलत होता. झुंबर तिथं गेला आणि चार माणसांत बोलला, "हे खोटं आहे. प्रयोग दोन महिन्यांत मोडला होता. पुढचं कुणी मोजलेलं नाही."

एजंटनं शांतपणे हातातलं कंपनीचं पत्रक उलटं केलं. खाली बारीक इंग्रजीत नावं होती. "ही आठ शास्त्रज्ञांची नावं. अमेरिकेतला आहे, इजिप्तचा आहे, हा तर मुलांचा डॉक्टर. आठ जण येडे आणि तुम्ही एकटे शहाणे?"

"त्या आठांनीही माझ्याच पेपरातून उतरवून घेतलंय हो! त्यांच्यातल्या एकानंही कांदा हातात धरलेला नाही!"

माणसं हसली.

"कारभारी," झुंबर वळला, "तुम्ही सांगा. आषाढात विकला होता ना कांदा?"

कारभारीनं आपल्या भरलेल्या चाळीकडं पाहिलं. गावातल्या सगळ्याच चाळी भरलेल्या होत्या, व्यापारी यायचे होते. "न्हाई बा," तो म्हणाला. "दिवाळीपत्तुर व्हता. आन भाऊ, आसं काई बोलू नगं. उद्या इथला कांदा कोन घील?"

"मग लिहून द्या, प्रोफेसर," एजंटनं खिशातलं पेन पुढं केलं. "सहीनिशी. मोघे साहेबांना दाखवतो."

झुंबरनं पेन घेतलं. पत्रकाच्या मागं त्यानं लिहिलं, दोन महिन्यांपुढचे आकडे खोटे आहेत, कांदा मुलांना देऊ नये. पूर्ण नाव लिहिलं. एजंटनं कागदाची घडी केली आणि खिशात घातली. आता हसत कुणीच नव्हतं.

बायडाबाई मागं उभी होती. ती घरी परतली. मग रांजणातलं पाणी घेऊन हात धूत राहिली, चोळून चोळून.

"आन महिनाभर खाल्ला, त्याचं काय?"

"ठाऊक नाही, आक्का."

"तू शिकलेला ना?"

"कुणालाच ठाऊक नाही. कुणी मोजलंच नाही."

तिनं पिशवी काढली आणि चाळीत शिरली. वरचे, मधले, तळाचे असे कांदे निवडून भरले आणि पिशवी त्याच्या पुढ्यात आदळली.

"जा. मोज."

प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडं किती दिवस राहणार, ते त्यानं तिला सांगितलं नाही. एजंट मोघ्यांकडं पोचायच्या आत त्याला नाशिक गाठायचं होतं. पोरगी रडून झोपली होती. झुंबरनं वाकून तिचा श्वास ऐकला, पुन्हा ऐकला, आणि पिशवी उचलून स्टँडकडं पळत सुटला.