चाकाखाली गेलेली घोंगडी

नाक मुरडू नका. हा मेंढराचा वास माझाच आहे आणि कितीही धुतलं तरी तो जात नाही. मी घोंगडी बोलतेय.

माझा जन्म देवगाव रंगारीजवळच्या एका धनगरवस्तीत झाला. कडुबानं मेंढरं कातरली, त्याच्या बायकोनं लोकर पिंजून सूत काढलं आणि कडुबानं मागावर बसून मला विणलं. वरून चिंचोक्याची खळ चढवली. त्या खळीनं मी अशी ताठ झाले, की घडी घालणाऱ्याला माझ्याशी कुस्तीच करावी लागे.

बाजारात पुंडलिक आबांनी मला उन्हापुढं धरून पाहिलं. "हिच्यातून उजेड दिसत नाय. द्या," म्हणाले, आणि मी त्यांची झाले.

आबांना मासे धरायचा भारी नाद. मी खांद्यावर, गळ काखेत आणि मागं लहानगा राजकुमार, अशी आमची वरात शिवना नदीच्या काठाला निघायची. मला अंथरून बापलेक तासन्‌तास पाण्याकडं बघत बसायचे. माणसं एवढा वेळ गप्प बसू शकतात, हे मला तिथंच कळलं.

पुढं आबा गेले. राजकुमार चिकलठाण्याला एका कारखान्यात फिटर झाला, आणि मी त्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर डांबरगोळ्यांच्या शेजारी जाऊन पडले. किती वर्षं, ते विचारू नका. खालचं सगळं मात्र ऐकू यायचं. त्याची बायको निशा पोस्टात नोकरीला. मुलगी मेघा. मग राजकुमारनं एक जुनी जीप घेतली आणि दर रविवारी तिला म्हशीसारखी घासून धुऊ लागला. निशानं क्लास लावून लायसन काढलं.

"एक चक्कर मी मारू का?" ती विचारायची.

"जीप हाय ती. जड जाती. बघू नंतर."

असा विषय लोंबकळत राहिला, की लोक त्याला भिजत घोंगडं म्हणतात. बिनाकारण आमच्या जातीची बदनामी! मी तर वर कोरडी ठणठणीत होते.

गेल्या पावसाळ्यात मेघा पुण्याला शिकायला गेली आणि घर गप्प झालं. टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. नवराबायकोत बोलणं उरलं ते दूध आणलं का, गॅस बंद केला का, एवढंच. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी निशा म्हणाली, "मेघाचे पप्पा, मला मासे धरायला न्या. लग्न ठरलं तवा लई बाता मारल्या होत्या तुम्ही."

राजकुमारनं टीव्ही बंद केला. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि मला खाली ओढलं. मी इतक्या जोरात धूळ उडवली, की तो सात-आठ शिंका देत उतरला.

देवगाव सोडल्यावर डांबरी संपली. पुढं बैलगाडीची चाकोरी, मग नुसत्या बाभळी, मग एक कोरडा ओढा. जीप दगडावर चढायची, खाली आपटायची, आणि मागच्या सीटवर मी नि डबा एकमेकांवर आदळायचो. निशा एका हातानं दांडी आणि एका हातानं टोपी धरून हसत होती. "आता मी घेते की," ती म्हणाली.

"इथं? येडी का काय!"

ओढा चढून वर आलो आणि समोर धरणाचं पाणी पसरलं. पाणी बरंच मागं हटलं होतं आणि भोवती भेगाळलेल्या मातीचा लांबलचक पट्टा उघडा पडला होता. माणूस दिसत नव्हतं. बगळे तेवढे होते. राजकुमारनं जीप त्या पट्ट्यावरून थेट पाण्याजवळ नेली.

मला अंथरलं. किती वर्षांनी अंगाखाली माती लागली! राजकुमारनं निशाला गळाला कणीक लावायला शिकवलं, दोरी कशी फेकायची ते सांगितलं, मासा आधी चाखतो मग ओढतो, घाई करायची नाही, बोलायचं नाही, हेही सांगितलं. सगळं सांगणं चालू असतानाच निशाची दोरी ताणली गेली.

"अवं! अवं ओढतंय कुणीतरी!"

"सोडू नको! ढील दे! ओढ!"

"ढील देऊ का ओढू?"

ती मासा घेऊन मागं पळाली, तळहाताएवढी चिलापी माझ्यावर येऊन फडफडली आणि राजकुमार हसता हसता चिखलात बसला. त्यानंतर तो दुपारपर्यंत बसला, पण त्याच्या गळाला शेवाळाशिवाय काही लागलं नाही.

ती चिलापी काटक्यांवर भाजून, मीठ-तिखट लावून त्यांनी भाकरीबरोबर खाल्ली. खाता खाता राजकुमार म्हणाला, "कामावरून आलो की अजून दारातूनच मेघाला हाक मारतो मी."

"माहीत हाय," निशा म्हणाली. "मी मुद्दाम ओ देत नाय. वाटतं, मी ऐकलं हे कळलं तर तुम्हाला लाज वाटंल."

दोघं पुन्हा पाण्याकडं बघत बसले. पण ही गप्प बसण्याची तऱ्हा घरातल्यासारखी नव्हती.

उन्हं कलल्यावर निघाले आणि जीप रुतली. ती माती वरून पापडासारखी वाळलेली आणि आत नुसता शिरा. राजकुमारनं जोर लावला तसं मागचं एक चाक जागीच गरगर फिरून आणखी आत गेलं. फोनला रेंज नाही. बाभळीच्या फांद्या घातल्या, त्या चाकानं गिळल्या. निशानं मागून रेटून पाहिलं, पण जीप हलायला तयार नाही.

शेवटी राजकुमार माझ्याकडं बघू लागला. मला कळलं.

"आबांची हाय गं ही," तो म्हणाला.

"आबा असते तर त्यांनीच पहिल्यांदा टाकली असती."

त्यानं माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला त्या चाकापुढं दाबून बसवलं. "पण ढकलायला मीच लागंल," तो पुटपुटला.

"मग चालवणार कोण?"

त्यानं एकदा चाकाकडं, एकदा स्टेअरिंगकडं पाहिलं.

"लायसन पर्समध्ये हाय. दाखवू?" निशा म्हणाली, आणि चढून बसलीसुद्धा.

"क्लच हळू सोड. रेस एकदम नको. आणि हे बघ, स्टेअरिंग..."

"तुम्ही ढकला!"

चाक माझ्यावर चढलं. खोटं का सांगू, जीव गेला असं वाटलं. माझे धागे कुठंतरी तटतट तुटले. पण कडुबाची वीण होती ती, मी दात-ओठ खाऊन माती धरून ठेवली. चाकाला पकड मिळाली, जीप उसळली आणि मी मागं फेकली गेले ती थेट राजकुमारच्या तोंडावर.

चिखलातून डोळे उघडून तो बघतो तर जीप निघालेली.

"थांब! निशा, थांब!" मला खांद्यावर टाकून तो मागं धावत सुटला. जीप थांबेना. डावीकडं झुकली, उजवीकडं घसरली. राजकुमारचं काळीज माझ्याखाली धडधडत होतं. मग ती मुरमाड चढण चढून वर लिंबाखाली उभी राहिली.

तो धापा टाकत पोचला. "थांबली का नाय?"

"मधी थांबले असते तर परत रुतली असती. तुम्हाला काय तिथंच राहायचं होतं?"

राजकुमारनं मागं वळून चाकांच्या खुणा पाहिल्या. वळणावळणाच्या, पण एकसलग. मग तो फिरून पलीकडच्या दारानं चढला. ओढ्यात दोन्ही पाय फळीवर दाबत होता, जणू तिथं ब्रेक आहे. देवगाव आलं तसे पाय ढिले पडले. शहराचे दिवे दिसायच्या आत माणूस चक्क घोरत होता.

निशानं मला गच्चीवर रिठ्यानं धुतलं आणि फाटलेल्या जागी लाल लोकरीनं रफू केलं. काळ्यावर लाल, लई उठून दिसतं. आता मी माळ्यावर नसते. निशा ठेंगणी आहे, समोरचं नीट दिसावं म्हणून माझी चौघडी करून ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवते.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण डांबरगोळ्यांत पडली असेल. तिला खाली काढा. माळ्यावर जपून ठेवण्यापेक्षा चिखलात फाटलेलं आम्हाला बरं.

आता रजा द्या. आज रविवार, डबा भरलाय, राजकुमार डावीकडं बसून हाका मारतोय. ही बघा, निशा किल्ली घेऊन आलीच.