पाहुण्यांसाठी उतरवलेला ताप

मोहिद्दीन कंपाउंडर मूळचा हर्णैचा. त्याच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की दोन दिवस आधीपासून धांदल उडायची. फाटक्या गोधड्या माळ्यावर जायच्या, पोरांची नाकं पुसली जायची, खोकणाऱ्या आजोबांना गोड बोलून शेजारच्या ओटीवर बसवलं जायचं. पाहुण्याला घरात काही उणं दिसता कामा नये, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. समुद्र ओलांडून तो खोर फक्कानला आला तेव्हा ट्रंकेतलं निम्मं सामान बोटीवर भिजलं, पण ही सवय मात्र कोरडी ठणठणीत पोचली. आणि एकोणीसशे चौसष्टच्या नोव्हेंबरात तिनंच त्याला तोंडघशी पाडलं.

खोर फक्कानला तेव्हा धड रस्ता नव्हता. शारजाहून यायचं तर लँडरोव्हरनं कोरड्या नदीच्या दगडगोट्यांतून हाडं खिळखिळी करून घेत यायचं, नाहीतर बोटीनं लांबचा वळसा घालायचा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधे खजुराच्या बागा आणि त्या बागांना लागून झावळ्यांच्या साठेक घरांची वाडी. त्या वाडीत एका खोलीचा दवाखाना होता. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, तोही मनात आलं तर. उरलेले दिवस टाके घालायला, मलम लावायला आणि बाळंतिणीच्या दाराबाहेर उभं राहून दुआ मागायला एकटा मोहिद्दीन. लोक त्याला 'दक्तूर' म्हणत. पहिलं वर्षभर तो "नो नो, कंपाउंडर" म्हणून दुरुस्ती करत राहिला. मग त्यानं तो नाद सोडला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायलाही लागलं होतं.

वाडीचं मोठं दुखणं एकच, हिवताप. बागांना पाणी देणाऱ्या पाटांत डासांचं राज्य होतं. शेजारच्या म्हाताऱ्या उम्म सईदची सहा वर्षांची नात मोझा दर पंधरवड्याला हुडहुडी भरून दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची आणि गोळी कडू लागते म्हणून मोहिद्दीनलाच रागावायची. हिवतापानं तिच्या पोटात डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, इतकी वाढली होती की फ्रॉकवरूनही कळे. मोहिद्दीनची लेक साजिदा तिकडे हर्णैला तेवढीच होती. चार वर्षांत त्यानं तिला पाहिलं नव्हतं, म्हणून मोझाची बोलणीही तो आवडीनं खाऊन घ्यायचा.

अशात शारजाहून चिठ्ठी आली. हिवतापाच्या संशोधनाचं पथक येतंय, आफ्रिकेत नाव कमावलेले डॉ. नूरुद्दीन स्वतः येतील, वाडीतल्या प्रत्येकाचं रक्त तपासतील. आठ दिवसांनी.

मोहिद्दीननं चिठ्ठी तीनदा वाचली. त्याच्या डोक्यात संशोधन वगैरे काही शिरलं नाही, शिरली ती फक्त तपासणी. पूर्वी तो नोकरीला होता त्या रत्नागिरीच्या दवाखान्यात साहेब तपासणीला यायचा तेव्हा रिकाम्या बाटल्यासुद्धा घासून ओळीत लावत. इथे तर आफ्रिका गाजवून आलेला डॉक्टर येणार, आणि त्याच्यासमोर अख्खी वाडी कुडकुडत बसणार? काय म्हणेल तो? हा कंपाउंडर काय झोपा काढत होता?

त्यानं कपाटातून क्लोरोक्विनचा हजार गोळ्यांचा डबा काढला. तो सहा महिने पुरवायचा होता. दोन दिवस तो दारोदार फिरला. मोठ्यांना रोज चार, पोरांना रोज दोन, लहानग्यांना अर्धी चुरून मधातून. ताप असो वा नसो, समोर उभं राहून गिळायला लावली. "यल्ला, यल्ला, पाणी प्या. मोठे डॉक्टर येणार आहेत, सगळे कसे तगडे दिसायला पाहिजेत." लोक हसले, पण दक्तूरचा शब्द मोडवेना म्हणून गिळल्या. चार दिवसांत वाडीत औषधालाही ताप उरला नाही. मोझा पाटावर उड्या मारू लागली. मोहिद्दीननं दवाखान्याला चुना काढला आणि स्वतःचे केस कापून घेतले.

डॉ. नूरुद्दीन निघाले अगदी घरचे. वडील दापोलीचे, जन्म मोंबासाचा, आणि टांगानिकात सात वर्षं हिवतापावर काम केलेलं. मराठी बोलायचे ती वडिलांकडून ऐकून उचललेली, मधे इंग्रजी आणि हिंदी कोंबून. दोन दिवस त्यांनी आणि त्यांचा ड्रायव्हर रफिक यांनी वाडीतल्या दोनशे सहा जणांची बोटं टोचली, रक्ताचे थेंब काचांवर पसरले, रंगवले आणि लगोलग तपासायला घेतले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर उरलेल्या काचा घेऊन सकाळपासून सूक्ष्मदर्शकावर वाकून बसले. मोहिद्दीन सुरमई तळत होता आणि कान त्यांच्याकडे लावून होता.

दवाखान्याच्या ओट्यावर जेवायला बसल्यावर डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मोहिद्दीनभाई, कमाल है! दोनशे सहा स्लाइड्स, एकातही जंतू नाही. असा रिझल्ट मी जिंदगीत पाहिला नाही. पोरांच्या पाणथऱ्या मोठ्या आहेत, म्हणजे जुना ताप होता. पण आता खलास. तुम्ही काम केलंय, मानलं पाहिजे."

मोहिद्दीन लाजून पार लाल झाला. त्यानं आणखी एक तुकडा त्यांच्या ताटात वाढला.

"दुबईला माझे दोस्त आहेत, त्यांना तुमच्यासाठी लेटर लिहितो. तिथे फॅमिली क्वार्टर मिळतं. भाभींना बोलावून घ्या."

मोहिद्दीनला त्याची बायको खैरुन्निसा डोक्यावर पदर घेऊन बोटीतून उतरताना दिसायलाच लागली. मागोमाग साजिदा.

"आणि आमचंही काम हलकं झालं," डॉक्टर काटे बाजूला काढत म्हणाले. "फवारणीचं औषध आणि गोळ्या आहेत बारा गावांपुरत्या, मागतायत तीस गावं. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांनाच द्यायचं. तुमची वाडी यादीतून कट. तीन वर्षं इकडे बघायलाच नको."

मोहिद्दीनचा घास हातातच राहिला. कपाटातला डबा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तळाशी मोजून अकरा गोळ्या होत्या. त्यानं कसंबसं विचारलं, "पण डॉक्टरसाहेब, समजा ताप परत आला तर?"

डॉक्टर काटे काढायचे थांबले. मग म्हणाले, "टांगानिकात एका नदीकाठच्या गावात असाच एक डिस्पेन्सर होता. भला माणूस. त्याचं रजिस्टर एकदम क्लीन, तापाचे पेशंटच नाहीत. का नाहीत? औषध संपलेलं होतं, म्हणून लोक यायचेच बंद झाले होते. साहेब रागावतील म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही रजिस्टर बघून गाव सोडून दिलं. पुढच्या पावसानंतर गेलो. त्या वर्षी जन्मलेली पोरं किती उरली होती, माहिताय? चार. सात वर्षं रिसर्च केला मी तिथे, पेपर छापून आले. डोक्यात राहिलीत ती चार पोरं."

त्यानंतर मोहिद्दीनला जेवण गेलं नाही. रफिक गाडीत पेट्या चढवू लागला. डॉक्टरांनी शिफारशीचं पत्र लिहून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते घेतलं. शाई अजून ओली होती, आणि हा माणूस, मोह तरी किती बघा, त्यावर फुंकर मारत उभा राहिला. पाटावर मोझा रफिकला जीभ काढून वेडावत होती. तिच्याकडे बघता बघता मोहिद्दीननं फुंकर मारणं थांबवलं, पत्राची घडी केली आणि गाडीच्या दारापाशी जाऊन ती परत केली.

"साहेब, ताप आहे. मी उतरवला."

"म्हणजे?"

"तुम्ही येणार म्हणून. सगळ्यांना गोळ्या दिल्या. हजार. वाटलं, पाहुण्यांना गाव चांगलं दिसावं."

डॉक्टर गाडीतून खाली उतरले. मग आतापर्यंतचं सगळं भाई-साहेब एका क्षणात गळून पडलं. "वेडा आहेस काय तू? दोन दिवस मी तुझ्या गोळ्या तपासत बसलो होतो! हे गाव मेलं असतं, कळतंय का तुला?"

मोहिद्दीनला कळत होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. डॉक्टरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एका टायरला लाथ घातली, मग पत्र खिशात कोंबून परत आले.

"ऐक. गोळ्यांचा असर उतरायला चार-पाच आठवडे लागतील. पाच जानेवारीला मी परत येतो, त्याच दिवशी यादी बंद होईल. या रिकाम्या काचा ठेव, शंभर गोळ्या ठेव. ज्याला ताप भरेल त्याची आधी स्लाइड घे, मग लगेच गोळी दे. उलटं करायचं नाही. मला तपासायला निदान वीस तापकऱ्यांचं रक्त पाहिजे. नाही मिळालं, तर माझे हात बांधलेले आहेत."

मोहिद्दीन वाट बघू लागला. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे कुणी आलं नाही, ते ठीकच होतं. चौथ्या आठवड्यात एका कोळ्याच्या तळव्यात काटा मोडला, एका बाईचा दात हलला. "ताप?" मोहिद्दीन आशेनं विचारायचा. "अल्हम्दुलिल्लाह, मुळीच नाही," लोक छाती पुढे काढून सांगायचे. पाटांवर संध्याकाळी डास घोंघावत होते, त्याला स्वतःला चावत होते, आणि वाडी मात्र ठणठणीत. जन्मभर लोकांचा ताप उतरावा म्हणून दुआ मागणारा हा माणूस आता नमाजानंतर हात पसरून काय मागावं या पेचात पडला. शेवटी त्यानं अल्लावरच सोपवलं.

मोझाही पायरीवर येईनाशी झाली. उम्म सईद म्हणाली, ती मावशीकडे गेलीय, डोंगरापलीकडे.

चार जानेवारीला पेटीतल्या सगळ्या काचा कोऱ्या होत्या. सकाळी उम्म सईदनं पाठवलेल्या रोटीची थाळी परत करायला मोहिद्दीन तिच्या दारात गेला, आणि झावळ्यांच्या भिंतीपलीकडून त्याला दातावर दात आपटल्याचा आवाज आला. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. तो थाळीसकट आत घुसला. कोपऱ्यात तीन घोंगड्यांखाली मोझा थरथरत पडली होती, ओठ कोरडे पडलेले, डोळे लाल.

"ही मावशीकडे गेली होती ना?"

उम्म सईदनं उगाचच कॉफीचं भांडं इकडचं तिकडे केलं. "बस ना, बस आधी."

"कधीपासून आहे हे?"

"सहा दिवस झाले," ती शेवटी म्हणाली. "रागावू नकोस. तू दारोदार फिरून औषध दिलंस. मोठा डॉक्टर तुझी पाठ थोपटत होता, ते सगळ्यांनी पाहिलं. किती खूश होतास तू! मग ताप परत यायला लागला तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं, दक्तूरला कळू द्यायचं नाही. त्याचं औषध फुकट गेलं असं होईल, मोठा डॉक्टर परत येणार आहे त्याच्यासमोर बिचाऱ्याची मान खाली जाईल. म्हणून घरातच ओल्या फडक्यांवर भागवतोय."

मोहिद्दीननं हातातली थाळी खाली ठेवली. आपलंच खापर इतक्या प्रेमानं आपल्या डोक्यावर फुटेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

"उम्म सईद, मी खोटेपणा केला," तो म्हणाला. "पाहुण्यापासून मी तुमचा ताप लपवला. आता तुम्ही माझ्यापासून लपवताय. या सभ्यपणात ही पोर हातची जाईल. उद्या डॉक्टर येईल, त्याला वीस तापकरी दाखवता आले नाहीत तर तीन वर्षं इथे ना गोळी येणार ना फवारणी. माझी मान जाऊ दे खाली. ताप बाहेर काढा!"

तो धावत जाऊन पेटी घेऊन आला. मोझाचं बोट टोचलं, थेंब काचेवर पसरला आणि लगेच गोळी तिच्या तोंडात घातली.

"कडू आहे," ती पुटपुटली, आणि तिचा राग शाबूत आहे हे ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

उम्म सईदनं बाही वर सारली आणि आपलं बोट पुढे केलं. "माझंही घे. चार दिवस झाले."

मग ती दारात गेली आणि तिनं अशी हाक मारली की बागेतले कावळे उडाले: दक्तूरला सगळं कळलंय, खलास, बाहेर या सगळे! एकेका झावळीच्या दारातून माणसं निघू लागली. घोंगड्या पांघरलेली, शालींत गुंडाळलेली, चोरी पकडल्यासारखी हसणारी. छाती काढून अल्हम्दुलिल्लाह म्हणणारा कोळीही होता, त्याला तर नीट उभंही राहवत नव्हतं. दवाखान्याच्या पायरीपासून पाटापर्यंत रांग लागली. मोहिद्दीन टोचत होता, काचेवर नाव घालत होता, गोळी देत होता. अकरा, बारा, पंधरा. विसावी काच पेटीत ठेवली तेव्हाही रांग पाटापर्यंत होती, आणि मोहिद्दीनला पुढचं काही दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

एकविसावा होता एक म्हातारा मचवेवाला खलाशी. त्यानं तापानं थरथरणारा हात मोहिद्दीनच्या नाकासमोर धरला.

"रड नंतर," तो म्हणाला, "आधी माझं बोट धर."