जादा बोल्ट

तीन मिलिमीटर

गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मोठं भोक एकदम पाडत नाहीत. आधी ड्रिलचं बारीक बिट, मग मध्यम, मग हवं ते. ही गोष्टही तशीच सांगावी लागेल, कारण टेपमास्तर एका दमात खरं बोलणारा माणूस नाही.

टेपमास्तरने थोरल्या बहिणीच्या पिकअपला सामानाची पेटी बसवून दिली. पेटीला बोल्ट लागतात चार. गाडीला दिसले पाच.

"हा पाचवा कशाला रे?" ताईने विचारलं.

"जादा टाकलाय. मजबुतीला."

झालं एवढंच.

सहा मिलिमीटर

एवढंच नाही झालं.

चासीला भोक पाडायचं ते उभ्या बाजूला, मधोमध. खालच्या आडव्या पट्टीला हात लावायचा नाही. ओझ्याचा सगळा ताण तिथे येतो आणि भोकाच्या कडेपासून पोलाद फाटत जातं. हे टेपमास्तर झोपेतही सांगेल. गळ्यात मापाची टेप अडकवल्याशिवाय हा माणूस चहासुद्धा पीत नाही, नाव पडलं ते त्यावरूनच. पण त्या दिवशी उभ्या बाजूपर्यंत पोचायला डिझेलची टाकी उतरवावी लागणार होती. ताईला घाई होती, तिच्या कुंड्यांची खेप खोळंबली होती.

खोटं. ताई स्टुलावर बसून निवांत शेंगा सोलत होती. त्याला टाकी उतरवायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही.

पट्टीतून ड्रिल आरपार गेलं, तापलेला कीस मनगटावर पडला, तेव्हा तो भानावर आला. मग मुकाट्याने टाकी उतरवली, चार भोकं जिथल्या तिथे पाडली. पाचव्यात बोल्ट ठोकून वरून काळा रंग फासला.

ताईने त्या बोल्टला झाडांची झारी अडकवली. आणि भेटेल त्याला वाकून दाखवू लागली, "भावाचं काम आहे. चार मागितले, पाच दिले."

बारा मिलिमीटर

आज काचवाला आला.

"मास्तर, गाडीवर काचा उभ्या ठेवायला घोडी बसवायचीय. आणि ताईंच्या गाडीला टाकलाय ना, तो जादा बोल्ट मलाही हवा."

"गरज नाही त्याची."

"वा. बहिणीला एक आणि गिऱ्हाइकाला एक?"

"तुमच्या गाडीचं वेगळं आहे."

"काय वेगळं? तेच मॉडेल. मी तर वितीने मोजून आलोय." खरंच, खालच्या पट्टीवर त्याने खडूने फुली मारून ठेवली होती.

टेपमास्तरने फुलीवर खूण पाडायचा पंच टेकवला. हातोडी उचलली.

हातोडी वर आहे. खाली आणली की खोटं कायमचं खरं होतं.

"आज नाही जमायचं," तो म्हणाला आणि हातोडी ठेवली. काचवाला कुरकुरत गेला. मग टेपमास्तरने ताईला फोन केला. "गाडी घेऊन ये. रिकामी आण. सावकाश."

ताई आली. त्याने झारी काढली, बोल्ट काढला, रंग खरवडला, पट्टीवर रॉकेल फिरवून पुसलं, वर खडू घासला. दोघं उकिडवी बसून बघत राहिली. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू पांढऱ्यावर उमटलं. काळी रेघ, भोकापासून कडेकडे. करंगळीच्या नखाएवढी.

"हे काय?"

"जादा बोल्ट नव्हता, ताई. भोक चुकलं होतं माझं. टाकी उतरवायचा आळस केला."

ताईने रेघेवर बोट ठेवलं, उचललं.

"आईला मी याच गाडीतून दवाखान्यात नेते."

"माहितीये."

"तूच धरून बसवतोस तिला. दर सोमवारी."

"काचवालाही आज हाच बोल्ट मागत होता," तो म्हणाला.

"काचवाल्याला नाही म्हणालास ना?"

"हो."

"दूधवाल्याने तसा बोल्ट बसवून घेतलाय. फर्निचरवाल्यानेही. तुझ्याकडे गर्दी असते म्हणून दुसरीकडून. मीच जागा दाखवली त्यांना, बोट लावून."

टेपमास्तर उठला, गाडीची किल्ली काढून खिळ्याला टांगली.

"दूधवाला कुठे राहतो?"

"लांब आहे. चालत अर्धा तास."

"चल."

ताईने जमिनीवरचा बोल्ट उचलून त्याच्या हातात ठेवला. "हा घे. सांगणार मात्र तू. मी नुसती उभी राहीन."