दातवणावरचा आळ

मी सुकापूरच्या विहिरीकाठचा कडुनिंब बोलतोय. मला कुणी लावलं नाही. कावळ्याने बी टाकली आणि विहिरीच्या ओलाव्याने मला वाढवलं.

माझ्या सावलीपेक्षा लोकांना माझ्या काड्या आवडायच्या. उजाडलं की जो तो माझ्याखाली हजर. काडीचं टोक चावून कुंचा करायचा, दात घासायचे, मग काडी उभी चिरून जीभ खरवडायची आणि थुंकायचं माझ्याच बुंध्याशी. तोंडात दातवण असताना माणसाला धड बोलता येत नाही, तरी शेजाऱ्याच्या चुगल्या मात्र बरोबर जमतात, हे मी रोज पाहिलंय.

शुक्री माळावरच्या कातकरी वाडीतली. ती माझ्या काड्या छाटायची, जुड्या बांधून पनवेलच्या बाजारात विकायची. मी काशीरामच्या बांधावर उभा, म्हणून त्याच्या घरासाठी दोन काड्या विहिरीच्या कठड्यावर ठेवून जायची.

पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, तेव्हाची गोष्ट. काशीरामची एक कोंबडी नाहीशी झाली. त्याने शुक्रीला माझ्याखालीच अडवलं.

"तूच नेलीस. तुज्याबिगर हिकडं येतो कोन?"

शुक्रीने टोपली उपडी केली. "बघ, काड्याच हायत. खोटा आळ घेशील तर तोंड जळंल तुजा!"

दुसऱ्या दिवशी काशीराम पहाटेच शेराच्या झुडपांचं कुंपण छाटत होता. काम झाल्यावर त्याने कोयता धोतराला पुसला, त्याच कोयत्याने माझी एक काडी तोडली आणि चावत घरी गेला. शुक्री नंतर आली. चेहरा रागाचा होता, तरी दोन काड्या ठेवून गेली.

दुपारपर्यंत काशीरामचे ओठ सुजले. जिभेवर फोड आले, पेजही गिळवेना. त्याची बायको हौसा रडत विहिरीवर आली. शेजारच्या दादूने कठड्यावरच्या काड्या उचलून हुंगल्या.

"काल तिना शाप दिला, आज तोंड सुजला. काय तरी लावलाय ह्या काड्यांना."

ऐकणारे मागे सरकले. एकाने तर तोंडातली काडी तिथेच थुंकली. घराघरात लोक राखेने दात घासू लागले. कुणी म्हणे शुक्रीने करणी केली, कुणी म्हणे माझ्यावर साप थुंकला. येणारा जाणारा माझ्याकडे तिरक्या नजरेने बघे. मलाही वाटू लागलं, माझ्या मुळांनी काही भलतंसलतं तर शोषलं नाही? मग शुक्रीचा तो संतापलेला चेहरा आठवे, आणि मन आणखी चरके.

शुक्री पुन्हा आली तेव्हा दादू काठी घेऊन उभा होता. ती रिकामी टोपली घेऊन परतली, ती मग फिरकलीच नाही. एका दुपारी गावातले गडी माझ्याखाली जमले. वाडीच उठवायची, झोपड्या मोडून फेकायच्या, असं ठरू लागलं. काशीरामही सुजलेल्या तोंडाने हुंकार देत होता.

त्याच दिवशी सकाळी त्याच्या सुनेने, मालूने, राहिलेलं कुंपण छाटलं होतं. राखेने तिचं समाधान होत नसे. कुणी बघत नाही असं पाहून तिने त्याच कोयत्याने माझी काडी तोडली. दोनदा चावली आणि थू थू करत विहिरीकडे धावली. मग काडीचं टोक निरखलं, कोयत्याचं पातं निरखलं. दोन्हीवर शेराचा पांढरा, कातडी भाजणारा चीक होता.

दुपारी गडी जमलेले दिसताच डोक्यावर पदर घेऊन ती सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली. घरची सून चारचौघांत बोलत नसते.

"मामंजी, त्या दिशी काडी कोनी तोडली?"

"मीच," काशीराम पुटपुटला.

"शेर छाटलेल्या कोयत्यानाच ना? मी बी आज तेच केला. बगा माजे ओठ! शुक्री तर तवापासून गावात आलीच नाय."

एकेक गडी उठून चालू लागला. दादू काठी काखेत मारून निघून गेला. आपलं चुकलं, असं मात्र एकाच्याही तोंडून आलं नाही. शेवटी हौसा आणि मालूच वाडीवर जाऊन शुक्रीला घेऊन आल्या.

काशीराम खाली बघत म्हणाला, "तोड काड्या. कोन काय बोलनार नाय."

"तोडीन. पन आता ठेवून जानार नाय. माज्या हातातून घे."

तिने काडी पुढे केली. काशीरामने ती घेतली, उलटीपालटी केली आणि नकळत नाकाशी नेली. शुक्रीने ते पाहिलं. तो ओशाळला आणि घाईघाईने चावू लागला.

पुढे कित्येक वर्षं हे असंच चाललं. तो काडी एकदा फिरवून बघायचा, आणि तो चावेपर्यंत ती जागची हलायची नाही. ती कोंबडी कुठे गेली, ते कधीच कळलं नाही.

आता काशीराम नाही. म्हाताऱ्या शुक्रीचा हात फांदीपर्यंत पोचत नाही. घरोघर दंतमंजनाच्या डब्या आल्या आहेत आणि माझ्या काड्या जून होऊन चालल्या आहेत. त्याचं मला दुःख नाही. बाबांनो, माझा कडूपणा चूळ भरली की जातो. तुम्ही एकमेकांवर घेतलेला संशय कशाने जातो, ते तेवढं मला कुणीतरी सांगा.