बर्फाची जाडी कोण विचारतं?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कर्नेल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. त्याला जोडलेलं एखादं मॉड्यूल आपलं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, इतर मॉड्यूल्सना वापरायला खुलं ठेवतं. पण ते कुणीच वापरत नसेल, तर सरळ काढून टाकायचं. मला असला पसारा आवरायला भारी आवडतं. त्या झपाट्यात आर्वोंनी लिहिलेलं एक फंक्शन मी ऑक्टोबरात उडवलं. बर्फातून परतलेल्या आवाजावरून ते बर्फाची जाडी काढायचं. आमचा सगळा कोड मी धुंडाळला होता. वापरणारं कुणीच नव्हतं.

आर्वोंनीच मला हे काम शिकवलं. आता ते तळ्याकाठच्या ॲशलंड गावात वृद्धाश्रमात असतात आणि फार विसरतात. जानेवारीत एका दुपारी भेटायला गेले. खिडकीबाहेर गोठलेलं तळं आणि आभाळ एकाच धुक्यात विरघळलं होतं.

"रेनो येतोय," आर्वो धुक्याकडे बघत म्हणाले.

"कोण रेनो?"

"तळ्यातल्या बेटावरचा माझा दोस्त. बर्फावरून चालत येतो. निघताना विचारतो, किती जाड? माझं फंक्शन सांगतं त्याला."

मला हसू आलं. "तुमचं फंक्शन कुणीच वापरत नव्हतं, आर्वो. मी शोधलं."

"त्याचं मॉड्यूल त्याच्या घरी आहे गं. तू फक्त आपल्याच घरात शोधलंस ना, शहाणे?"

मी घाईघाईने त्यांच्या वहीतला रेनोंचा नंबर शोधून फोन लावला.

"रेनो, तुमचं बर्फाची जाडी मोजायचं यंत्र चालू आहे?"

"कुठलं काय! रविवारी संगणकावर नवं कर्नेल घातलं, तेव्हापासून फंक्शन सापडत नाही म्हणून रडतंय. जाऊ दे. आर्वोला भेटायला निघालोय. डोळ्यांनी अंदाज घेतोय."

"आत्ता कुठे आहात?"

"बर्फावर. पण पायाखाली जरा कुरकुरतंय."

"मागे फिरा! आलात त्याच पावलांवरून. चूक माझी आहे."

मग नुसता वारा आणि पावलं. एकदा काहीतरी कडाडलं आणि मी आर्वोंचा हात घट्ट धरला. ते शांतपणे गुणगुणत होते. किती वेळ गेला देव जाणे.

"पोचलो किनाऱ्याला," रेनो धापा टाकत म्हणाले. मला रडूच फुटलं. फोन स्पीकरवर टाकून मी आर्वोंपुढे धरला.

"कोण बोलतंय?" त्यांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं.

"तुझं फंक्शन वापरणारा, आर्वो," रेनो म्हणाले.